जनरेटर सकाळी, सोलर दिवसभर: कॅम्परच्या बॅटऱ्या भरण्याबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ट्रॅव्हलरचा कॅम्पर केलाय, टपावर २०० वॉटची दोन पॅनल, आत १५० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत मावणारी वीज) दोन ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असतात तशा लेड-ॲसिड बॅटऱ्या पॅरललमध्ये, ४० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनलवरून बॅटरी भरणारा सोलर कंट्रोलर), आणि पावसाळ्यात कोकणात महिनाभर राहायचं म्हणून २ केव्हीएचा पेट्रोलवरचा इन्व्हर्टर जनरेटर घेतलाय. ट्रायल म्हणून जनरेटरवरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून थेट बॅटरीला वायर लावली, सहा तास चालवला, तरी बॅटरी भरली नाही. म्हणून विचारताय की जनरेटरमध्येच काही खोट आहे का, सोलर चालू असताना जनरेटर जोडला तर काही जळेल का, रोज किती तास चालवावा लागेल, सप्टेंबरात लेहला जाताना हाच सेटअप चालेल का, आणि शेवटी, लिथियम बॅटरी घ्यावी का.

गाड्यांचं वायरिंग आणि फार्महाऊसवरचं ऑफग्रिड सोलर हेच माझं रोजचं काम आहे, कॅम्परची कामंही बरीच येतात, आणि हा प्रश्न घेऊन येणाऱ्या दहापैकी आठ जणांचं दुखणं एकच असतं. त्यांना वाटतं जनरेटर छोटा पडतोय किंवा सोलर कमी पडतंय. प्रत्यक्षात दोन्ही पुरेसे असतात, फक्त जनरेटर चुकीच्या वाटेने बॅटरीला जोडलेला असतो आणि चुकीच्या वेळी चालवला जातो. तुमच्याकडेही तेच दिसतंय. जनरेटर ठीक आहे, तो बदलायच्या भानगडीत पडू नका.

आधी ते १२ व्होल्टचं सॉकेट. या साइजच्या बहुतेक जनरेटरवर ते ८ अँपिअरच्या आसपासचं असतं. ते दिलेलं असतं एखाद्या गाडीची बसलेली बॅटरी स्टार्ट होण्याइतकी उठवायला, घरासारखी बॅटरी बँक भरायला नाही. त्याचं व्होल्टेज नीट रेग्युलेटेड नसतं, चार्जरसारखे टप्पे नसतात, भरत आल्यावर थांबायची अक्कल नसते. आता हिशोब करा, ८ अँपिअर गुणिले सहा तास म्हणजे ४८ एएच, आणि त्या वेळात आत फ्रिज आणि पंखा चालू असेल तर त्यातले वीस-पंचवीस त्यांनीच खाल्ले. म्हणजे ३०० एएचच्या बँकेत पडले पंचवीसेक. वायर जर दहा मीटर लांब आणि दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) असेल तर व्होल्टेज वाटेतच पडतं, मग तेवढेही पोचत नाहीत. दोनेक लिटर पेट्रोल जाळून बॅटरीत धड अर्धं युनिट गेलं नाही हे यामुळे. तो सॉकेट विसरून जा.

बरोबर वाट अशी की जनरेटरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला एक चांगला बॅटरी चार्जर लावायचा आणि चार्जर बॅटरीजवळ बसवायचा. जनरेटर लांब ठेवायचा असतो (का ते खाली सांगतो), त्यामुळे लांबची वायर २३० व्होल्टची असू दे, तिच्यात लॉस नगण्य, आणि १२ व्होल्टची वायर मीटर-दीड मीटरच्या आत, १६ स्क्वेअरची, दोन्ही टोकांना नीट क्रिम्प केलेले (टूलने दाबून बसवलेले) लग, म्हणजे टर्मिनलला बसणाऱ्या धातूच्या कड्या. लग पकडीने दाबून चालत नाही, क्रिम्पिंग टूलच पाहिजे. ट्रॅव्हलर घाटात हादरते, पकडीने दाबलेला लग महिन्याभरात सैल होतो आणि ४० अँपिअर वाहताना सैल जॉइंट तापतो. तुमच्याकडे इंस्टॉलेशन कोणी केलं असेल ते माहीत नाही, पण एकदा चार्जिंग चालू असताना प्रत्येक लगला हात लावून बघा. कोमट ठीक आहे, चटका बसला तर तो जॉइंट काढून परत करा.

चार्जर केवढा घ्यायचा हे बॅटरीवर अवलंबून आहे, जनरेटरवर नाही. ट्युब्युलर बॅटरीला तिच्या एएचच्या दहा टक्के करंट आरामात चालतो, पंधरापर्यंत न्यायला हरकत नसते, त्याच्या वर गेलात तर पाणी उकळायला लागतं आणि प्लेटा तापतात. तुमची बँक ३०० एएच, म्हणजे ३० ते ४५ अँपिअर. मी ४० किंवा ४५ चा घेईन. कंपनीच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो कागद प्रमाण माना, माझं नाही.

इथे एक गोष्ट फार कमी दुकानदार सांगतात. ४५ अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे साडेसहाशे वॉट, चार्जरची एफिशियन्सी धरून जनरेटरवरून साडेसातशे-पावणेआठशे वॉट घेतले जातात. वाटेल की १ केव्हीएचा जनरेटरही पुरला असता. पण स्वस्त चार्जरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामाला येणारा वाटा) ०.६५ च्या आसपास असतो, मग तेच पावणेआठशे वॉट जनरेटरला अकराशे-बाराशे व्हीए म्हणून दिसतात आणि १ केव्हीएचा जनरेटर ओव्हरलोडचा लाल दिवा लावून बसतो. लोक मग म्हणतात जनरेटर बोगस आहे. तुमचा २ केव्हीएचा आहे, सतत चालायचं रेटिंग बहुधा १.८ च्या आसपास असेल, तेव्हा तुम्हाला अडचण नाही. तरी चार्जर घेताना लेबलवर पीएफसी लिहिलंय का बघा, म्हणजे पॉवर फॅक्टर करेक्शन. पुढे लिथियमवर गेलात आणि मोठा चार्जर लागला तर तेव्हा याची किंमत कळेल.

घरचा इन्व्हर्टर गाडीत बसवून त्याचाच चार्जर वापरायचा विचार असेल तर चालतं, पण तो साधारण दहा-पंधरा अँपिअरच देतो, म्हणजे परत जनरेटर तासन्‌तास चालू. शिवाय त्याचा मोड यूपीएसवर असेल तर जनरेटरचं व्होल्टेज जरा हललं की तो सप्लाय नाकारतो, वाइड मोडला टाकावा लागतो.

आता मुख्य मुद्दा, जनरेटर कधी चालवायचा. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी असताना जेवढा करंट द्याल तेवढा घेते, साधारण ८० टक्क्यांपर्यंत. याला बल्क म्हणतात. त्यानंतर व्होल्टेज १४.४ ला जाऊन टेकतं आणि बॅटरी स्वतःच करंट कमी कमी घ्यायला लागते, ४५ चे ३०, ३० चे १५, मग ६-७. हा ॲब्सॉर्प्शनचा टप्पा. स्टँडवर एसटी लागली की पहिली चाळीस माणसं पटापट चढतात आणि शेवटच्या दहांना सरका सरका म्हणत तेवढाच वेळ जातो, तसं. शेवटच्या वीस टक्क्यांना चार ते सहा तास लागतात, चार्जर दुप्पट मोठा लावला तरी हा वेळ फारसा कमी होत नाही, कारण अडवणूक बॅटरीच्या आतल्या केमिस्ट्रीची आहे.

जनरेटरच्या बाजूने बघा. चांगल्या २ केव्हीए इन्व्हर्टर जनरेटरची टाकी साडेतीन लिटरच्या जवळपास असते आणि ती पूर्ण लोडवर सव्वातीन तास चालते, पाव लोडवर आठ तास. म्हणजे लोड चांगला असेल तर लिटरमागे दीड युनिट मिळतं, पाव लोडवर एकच, आणि ॲब्सॉर्प्शनच्या शेवटी शंभर वॉट ओढत असाल तर त्याहूनही कमी. पेट्रोल शंभराच्या वर असताना तो शेवटचा वीस टक्क्यांचा भाग जनरेटरने भरणं म्हणजे सगळ्यात महाग वीज सगळ्यात वाईट पद्धतीने घेणं. सोलरचं बरोबर उलटं आहे. त्याला लागतो वेळ, आणि सकाळी दहा ते चार त्याच्याकडे वेळच वेळ असतो, ढगातून शंभर-दीडशे वॉट येत असले तरी ॲब्सॉर्प्शनला तेवढेच लागतात.

म्हणून माझ्याकडे कॅम्पर आला की मी मालकाला हेच लावून देतो: जनरेटर सकाळी, बॅटरी रात्रभर वापरून सगळ्यात खाली आलेली असताना, दीड-दोन तास. बॅटरी ८० च्या आसपास आली, चार्जरचा करंट उतरायला लागला की बंद. पुढचं काम दिवसभर पॅनल करतील.

बहुतेक लोक संध्याकाळी चालवतात, कारण अंधार पडला की काळजी वाटते. पण संध्याकाळी बॅटरीत दिवसभराचं थोडंफार सोलर आलेलं असतं, ती करंट कमी घेते, रात्री ती परत खाली जाते, आणि दुसऱ्या दिवशी ढगाळ सोलरला ५० वरून सुरुवात करावी लागते. शंभर टक्क्यांपर्यंत ती कधी पोचतच नाही. लेड-ॲसिड बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ३०० एएचची बँक वर्षभरात दीडशेसारखी वागायला लागते. बॅटऱ्या लवकर गेल्या म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत मला हे कारण सगळ्यात जास्त दिसतं. अपवाद एकच, आज रात्री बॅटरी ५० च्याही खाली जाणार हे दिसत असेल तर संध्याकाळी तासभर जरूर चालवा, बॅटरी खोल उतरवण्यापेक्षा ते परवडलं. रात्री दहानंतर मात्र नाही, आवाजाचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा कडक आहेत आणि कोकणातल्या शांत गावात दोन वाड्या पलीकडेही ऐकू जातं.

रोज किती तास, हे तुमच्या वापरावर आहे, पण अंदाज देतो. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या हवेत दिवसाला ५० एएचच्या आसपास घेतो. २८ वॉटचा बीएलडीसी पंखा दहा तास म्हणजे २३. दिवे, मोबाइल, लॅपटॉप, पाण्याचा पंप मिळून आणखी वीस. झाले ९० ते ९५. इन्व्हर्टरवर इंडक्शन लावणार असाल तर पंधरा मिनिटांना तीस एएच वेगळे धरा, त्यामुळे स्वयंपाक गॅसवरच ठेवा. एसी या सेटअपवर चालणार नाही, तो विषयच सोडा.

तुमची ४०० वॉटची पॅनल टपावर आडवी आहेत. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जागी दिवसाला सव्वा युनिटपर्यंत मिळेल, म्हणजे ९५-१०० एएच, बरोबर तुमच्या वापराइतकं. जुलैत कोकणात मी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश धरतो, २५ ते ३० एएच. आणि गाडी नारळी-पोफळीच्या वाडीत लावलीत तर तेही नाही, कारण पॅनलच्या कोपऱ्यावर एका झावळीची सावली पडली तरी त्या ओळीच्या सगळ्या सेलचं आउटपुट जातं. दोन पॅनल सिरीजमध्ये असतील तर पावसाळ्यापुरती पॅरलल करून बघा, एकावर सावली आली तरी दुसरं काम करत राहतं. फक्त पॅनलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा पुरेसं वर आहे ना ते बघून, १८ व्होल्टवाली पॅनल असतील तर काही हरकत नाही.

म्हणजे तूट रोजची ६५-७० एएच. ४५ च्या चार्जरने दीड तासाचं काम. एक दिवसाआड चालवायचा असेल तर तीन तास, पण बॅटरी तेवढी खाली न्यायची नाही म्हणून मी रोज दीड तासच सुचवेन. सहा तास चालवत होतात तो दीड तासावर आला, फरक फक्त सॉकेटचा.

आता सोलर आणि जनरेटर एकमेकांशी भांडतात का, ते. सोलर चालू असताना जनरेटरचा चार्जर बिनधास्त लावा, काही जळत नाही. दोन्ही बॅटरीच्या टर्मिनलला आपापल्या फ्यूजमधून जोडलेले असतात, दोघंही बॅटरीचं व्होल्टेज बघून करंट देतात, बल्कमध्ये दोघांचा करंट मिळून बेरीज होते. २० अँपिअर सोलर आणि ४५ चार्जर एकत्र आले तर ६५ होतात, ते तुमच्या बँकेला जास्त आहेत, पण पावसाळ्यात सकाळी आठला सोलर तीन-चार अँपिअर देतं, तेव्हा प्रश्न येत नाही. उन्हाळ्यात कधी भर उन्हात चालवायची वेळ आली तर चार्जर २५ वर सेट करा.

लोक घाबरतात ते एका गोष्टीने. चार्जरने व्होल्टेज १४.४ वर नेलं की एमपीपीटीला वाटतं बॅटरी भरली आणि तो करंट कमी करतो, डिस्प्लेवर सोलर जवळपास शून्य दिसतं. बिघाड नाही तो. पण यावर एक सेटिंग जरूर करा: जनरेटरच्या चार्जरचं ॲब्सॉर्प्शन १४.२ ठेवा आणि एमपीपीटीचं १४.४. म्हणजे वर पोचल्यावर आधी चार्जर हात आखडता घेतो आणि सोलर पुढे जातं, आपल्याला तेच पाहिजे आहे. दुसरं, काही एमपीपीटी सकाळी पॅनलवर उजेड पडून जागे होतात त्या क्षणी बॅटरीचं व्होल्टेज बघतात आणि त्यावरून त्या दिवशी ॲब्सॉर्प्शन किती वेळ करायचं ते ठरवतात. तुम्ही पहाटे साडेपाचला जनरेटर लावून ठेवला असेल तर त्याला १३.८ दिसतं, त्याला वाटतं बॅटरी भरलेलीच आहे, आणि तो दुपारी तासाभरात फ्लोटला जातो, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवून धरण्याइतकाच करंट देतो. बॅटरी रोज अर्धवट राहते आणि कारण सापडत नाही. त्यामुळे एक तर जनरेटर सातनंतर लावा, पॅनल जागी झाल्यावर, किंवा एमपीपीटीमध्ये ॲब्सॉर्प्शनची वेळ फिक्स करा, ट्युब्युलरला चार तास ठेवा.

जळतं ते कशाने ते सांगतो. जनरेटरचं आउटपुट एमपीपीटीच्या पॅनलच्या इनपुटला जोडायचं नाही. जनरेटरचे २३० आणि गाडीतल्या इन्व्हर्टरचे २३० एकाच वायरिंगला एकाच वेळी यायला नकोत, मध्ये चेंजओव्हर स्विच पाहिजेच, नाहीतर इन्व्हर्टर क्षणात जातो. आणि बॅटरी चार्जर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर राहिला तर बॅटरी बॅटरीलाच चार्ज करत बसते आणि रात्रीत उतरते, चार्जरला जनरेटरचंच स्वतंत्र सॉकेट ठेवा. आणखी एक, अशा जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा फ्लोटिंग (अर्थला न जोडलेला) असतो, गाडीतला आरसीसीबी (शॉक बसायच्या वेळी सप्लाय तोडणारा स्विच) त्यावर नीट काम करेलच असं नाही. पावसात, ओल्या जमिनीवर, अनवाणी वावरताना ही छोटी गोष्ट नाही. न्यूट्रल-अर्थ बॉन्ड कुठे करायचा हे जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, यूट्यूब बघून स्वतः करू नका.

जनरेटर कुठे ठेवायचा यावर मी कुणाचंही ऐकत नाही. गाडीत नाही, डिकीचं दार उघडं ठेवून नाही, गाडीला लावलेल्या ताडपत्रीखाली नाही. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि पावसात खिडक्या बंद असल्या तरी तो फटींतून आत येतो. गाडीपासून निदान सहा मीटर, वारा जिकडे जातोय त्या बाजूला, एक्झॉस्टचं तोंड गाडीकडे नको. कोकणात पाऊस आडवा येतो म्हणून लोक जनरेटर दाराशी आणतात, तो मोह टाळा. त्याच्यासाठी वेगळी छोटी ताडपत्री चार बाजूंनी उघडी राहील अशी उंच बांधा, खाली जांभ्या दगडाचे दोन चिरे किंवा भाजीचा प्लास्टिकचा क्रेट, म्हणजे वाहत्या पाण्यात बसणार नाही. वायर बाहेर वापरायची, थ्री कोअर, अडीच स्क्वेअर, पंधरा मीटर. पंधरा मीटरला जॉइंट नको. आणि गाडीत झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. हा खर्च पहिल्यांदा करा, चार्जरच्याही आधी.

पेट्रोलचं म्हणाल तर पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत देत नाहीत आणि ते योग्यच आहे. स्वतःच्या वापरासाठी लायसन्सशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, पण घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, एक कॅन २५ लिटरच्या वर नाही. तुम्हाला पाच लिटरचा एक कॅन भरपूर झाला, रोजचा दीड तास म्हणजे लिटरच्या आतच. हल्ली पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि ते इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि कोकणात ओलीला तोटा नाही. चार-पाच दिवस जनरेटर वापरायचा नसेल तर फ्यूएल कॉक बंद करून तो आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा राहतो. जनरेटर स्टार्ट होत नाही म्हणून येणाऱ्या बहुतेक केसमध्ये जेटमध्ये चिकट साका झालेला असतो, दुसरं काही नाही.

इथवरचं थोडक्यात: १२ व्होल्टचं सॉकेट सोडा, ४०-४५ अँपिअरचा चार्जर २३० वर, सकाळी सातनंतर दीड तास, ८० टक्क्यांना बंद, बाकी सोलर. सोलर आणि चार्जर एकत्र चालले तरी हरकत नाही, चार्जर १४.२ आणि एमपीपीटी १४.४.

पण एवढं करूनही सलग आठ दिवस झड लागली तर बॅटरी पूर्ण भरणार नाही. त्यासाठी आठवड्यातून एक रात्र एखाद्या होमस्टेच्या अंगणात गाडी लावा आणि पंधरा अँपिअरच्या प्लगवरून तोच चार्जर रात्रभर चालू ठेवा. गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली, सगळीकडे लोक देतात, विजेचे पैसे वेगळे आणि आधी बोलून द्या. तीनेक युनिटचा प्रश्न असतो, पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी चार्जर काढून दोन तासांनी हायड्रोमीटरने ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) बघा, प्रत्येक सेल १२४० च्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ पाहिजे. एखादा सेल बाराशेच्याही खाली लटकला असेल तर तेव्हाच लक्षात येईल. ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते हेही ध्यानात ठेवा, बॅटरीचा कप्पा झोपायच्या जागेपासून बंद आणि बाहेरच्या बाजूला व्हेंट असलेला पाहिजे.

जनरेटर घेण्याआधी विचारलं असतंत तर मी एक तिसरा मार्ग आधी सांगितला असता, तो अजूनही करण्यासारखा आहे: गाडीचा अल्टरनेटर. ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरच्या विजेवर मागची बॅटरी नीट भरणारा) बसवला तर दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये ६० एएच येतात, जवळपास तुमची रोजची तूट. साधा रिले लावून बॅटऱ्या जोडायची जुनी पद्धत बीएस-६ गाडीवर वापरू नका, तिचा अल्टरनेटर व्होल्टेज वरखाली करतो आणि मागची बॅटरी कधीच भरत नाही. अर्थात हे तुम्ही रोज फिरणार की एका जागी आठ-आठ दिवस थांबणार यावर आहे. रोज दापोलीहून पुढे पुढे सरकणार असाल तर जनरेटर महिन्यातून चार वेळा लागेल. एका किनाऱ्यावर मुक्काम ठोकणार असाल तर तो रोजचा सोबती.

लेहचं वेगळं आहे. तिथे उंची साडेतीन हजार मीटर, आणि कार्ब्युरेटरवाल्या जनरेटरची ताकद दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्क्यांनी कमी होते, म्हणजे लेहला चाळीस टक्के गेली. तुमचा १.८ तिथे १.१ च्या आसपास उरला, स्वस्त पॉवर फॅक्टरच्या चार्जरवर तो अगदी काठावर येईल. चार्जर २५-३० वर उतरवून ठेवा. मिक्स्चर रिच होऊन (हवा कमी, पेट्रोल जास्त) प्लग काळा पडतो, एक प्लग जास्तीचा ठेवा. पण खरं सांगायचं तर सप्टेंबरात तिथे आकाश स्वच्छ, हवा थंड, आणि थंड पॅनल जास्त देतं, ४०० वॉट तुम्हाला पुरतील. जनरेटर घरी ठेवून वीसेक किलो वजन वाचवलंत तरी चालेल असं माझं मत आहे, डीसी-टू-डीसी बसवलेला असेल तर नक्कीच.

लिथियमचं तुम्ही शेवटी विचारलंय. बजेट असेल तर घ्या, २०० एएचची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी तुमच्या दोन ट्युब्युलरएवढंच काम देईल आणि गाडीचं वजन पाऊणशे किलोहून जास्त कमी होईल. तिला अर्धवट भरलेलं राहिलं तरी चालतं, त्यामुळे वर सांगितलेली सकाळची शिस्तही सैल होते, जनरेटर कधीही तासभर चालवा, ७० अँपिअरचा पीएफसीवाला चार्जर तुमचा जनरेटर सहज ओढेल आणि तासात ७० एएच टाकेल. पण शून्य डिग्रीच्या खाली ती चार्ज करायची नाही, सेल कायमचे खराब होतात. मनाली-लेह रस्त्यावर पांग-सारचूला सप्टेंबरच्या पहाटे तापमान तेवढं उतरतं. बीएमएसमध्ये (बॅटरीतल्या संरक्षण सर्किटमध्ये) लो टेंपरेचर कटऑफ आहे का हे लेखी विचारून घ्या आणि बॅटरी गाडीच्या आत, माणसांच्या बाजूला ठेवा. एमपीपीटी आणि चार्जर दोन्हीचं चार्जिंगचं सेटिंगही लिथियमप्रमाणे बदलावं लागेल.

खरेदीला लागण्याआधी मात्र एक शंटवाला बॅटरी मॉनिटर बसवा. चार्जिंग चालू असताना व्होल्टमीटर १३.८ दाखवतो म्हणजे बॅटरी भरली असं नसतं, किती एएच आत गेले आणि किती बाहेर आले हे शंटच सांगतो. तो बॅटरीच्या निगेटिव्हला लागतो, आणि सोलर, चार्जर, इन्व्हर्टर सगळ्यांच्या निगेटिव्ह वायरी शंटच्या पलीकडच्या बाजूला आल्या पाहिजेत, एक जरी थेट बॅटरीला राहिली तर आकडे चुकतात. चार दिवस घरासमोर गाडी उभी करून आत राहिल्यासारखा वापर करा, रोज सकाळी सातला किती एएच वापरले ते लिहून ठेवा. माझे ९५ तुमचे ७० निघाले तर चार्जर ३० चाही पुरेल, १३० निघाले तर आधी फ्रिजच्या दाराचं रबर आणि टेंपरेचरचं सेटिंग बघा, त्याचा खर्च चार्जरपेक्षा कमी आहे.